खंड पडणारच: सवय लावण्याचा आणि टिकवण्याचा क्रम

गुढीपाडव्याला किंवा एक जानेवारीला धरलेला नेम महिन्याभरात सुटतो आणि माणूस स्वतःला आळशी ठरवून मोकळा होतो. मी इंदूरला राजेंद्रनगरात राहते. आमच्या गल्लीत सकाळी फिरणाऱ्यांच्या आणि रोज पानभर मराठी वाचणाऱ्यांच्या वह्या गेली काही वर्षं माझ्याकडे येतात. त्या वाचून माझं मत पक्कं झालं आहे: आळस फार थोड्यांना नडतो, बाकीच्यांचा क्रम चुकतो. आधी बूट घेतले जातात. वेळ कधीच ठरत नाही. दुसऱ्याच आठवड्यात माप वाढवलं जातं. आणि घरात पाहुणे आले की नेमाचं काय करायचं, हा विचार पाहुण्यांच्या बॅगा दारात आल्यावर सुरू होतो.

पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. सातवा टप्पा सगळ्यांत लांब आहे, कारण बहुतेक वह्या तिथेच कोऱ्या होतात. वेळ नसेल तर निदान तो तरी आधी वाचून ठेवा.

साहित्य थोडं आहे: एक शंभर पानी वही, एक पेन्सिल आणि भिंतीवरची दिनदर्शिका. पहिले दोन महिने याखेरीज काही विकत घेऊ नका.

## तयारी: पहिले सात दिवस काहीही सुरू करू नका

ही पायरी जवळपास सगळे गाळतात. उत्साह ताजा असतो, त्यामुळे आठवडाभर नुसतं बघत बसणं जिवावर येतं. पण आपला दिवस खरोखर कसा जातो हे आपल्याला वाटतं तितकं ठाऊक नसतं.

सात दिवस रात्री झोपण्यापूर्वी वहीत एवढंच लिहा: कधी उठलो, पहिला चहा कधी, कचरागाडी कधी आली, शाळेची व्हॅन कधी गेली, जेवणं कधी झाली, देवापुढे दिवा कधी लागला, हातातला फोन कधी खाली ठेवला, झोप कधी लागली. सुधारायचं काही नाही, फक्त नोंदवायचं. रात्री साडेबारापर्यंत फोन पाहिला असेल तर तेच लिहा. ही वही कुणाला दाखवायची नाही.

आठव्या दिवशी बसा आणि सातही दिवस न चुकता घडलेल्या गोष्टींखाली रेघ मारा. वेळ पुढेमागे झाली तरी चालेल, पण ती गोष्ट घडलेली हवी. साधारण चारपाच सापडतात. पुढे या आपल्या खुंट्या होणार आहेत.

तपासा: एकही गोष्ट सातही दिवस घडलेली नसेल, तर घरात आजारपण, परीक्षा किंवा लग्नकार्य असा काही वेगळाच आठवडा गेला आहे. तो सोडून द्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा नोंद करा.

## टप्पा १: एकच सवय निवडा, आणि ती दिसेल अशा शब्दांत लिहा

“तब्येत सांभाळणे”, “वाचन वाढवणे”, “मुलांना वेळ देणे” या इच्छा आहेत. त्यांना सवय म्हणता येत नाही, कारण दिवसाच्या शेवटी त्या झाल्या की नाही हे कुणालाच सांगता येत नाही.

कसोटी सोपी आहे. घरातल्या दुसऱ्या माणसाला नुसतं बघून “झालं” किंवा “नाही झालं” असं सांगता आलं पाहिजे. “गल्लीच्या टोकापर्यंत चालून येणे” दिसतं. “मराठी पुस्तकाचं एक पान मोठ्याने वाचणे” ऐकू येतं. “सकारात्मक राहणे” ना दिसतं, ना ऐकू येतं.

आणि एकच घ्या. पहाटे उठणं, व्यायाम, साखर बंद, वाचन, ध्यान अशी पाच कामं एकदम धरली की त्यातलं एक चुकल्याबरोबर पाचही चुकल्यासारखी वाटतात. बाकीच्या चार शेवटच्या पानावर लिहून ठेवा. त्यांची पाळी येईल, त्या कुठे पळून जात नाहीत.

कोणती घ्यावी असं मला कुणी विचारलं, तर मी म्हणते, जी केल्यावर त्याच दिवशी थोडं बरं वाटतं ती घ्या. वजन सहा महिन्यांनी उतरतं. फिरून आल्यावर अंग मोकळं होतं ते आजच.

## टप्पा २: खुंटी शोधा

“रोज सकाळी सहाला” हा सगळ्यांचा आवडता संकल्प, आणि मोडतोही तोच सगळ्यांत आधी. घड्याळात सहा वाजतात तेव्हा आपल्याला हाताला धरून उठवणारं कुणी नसतं. शिवाय इंदूरला जूनमध्ये सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीत सात वाजून गेल्यावर. उन्हाळ्यात उजेडात सुरू केलेलं फिरणं दिवाळीनंतर अंधारात आणि थंडीत करावं लागतं. घड्याळ तेच राहतं, सकाळ मात्र बदललेली असते.

म्हणून नवी गोष्ट वेळेला बांधू नका, रोज घडणाऱ्या एखाद्या घटनेला बांधा. वहीत एका ओळीत लिहा: “अमुक झालं की लगेच मी तमुक करीन.” पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने अशा “झालं की करीन” ठरावांचा बरीच वर्षं अभ्यास केला. २००६ मध्ये त्याने आणि पास्कल शीरन यांनी ९४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले. नुसती इच्छा धरणाऱ्यांपेक्षा कधी, कुठे आणि कसं हे आधी ठरवणाऱ्यांची कामं स्पष्टपणे जास्त तडीस गेलेली दिसली.

आपल्या शहरात याचं उदाहरण रोज दारात येतं. ओला आणि सुका कचरा वेगळा करणं इंदूरच्या घराघरात अंगवळणी पडलं आहे. मी पूर्वी एकाच डब्यात सगळं टाकत होते. आता हात आपोआप दुसऱ्या डब्याकडे वळतो. गाडी रोज येते, तिचं गाणं लांबून ऐकू येतं, तिच्यात कप्पे वेगळे असतात आणि मिसळलेला कचरा नेला तर तिथल्या तिथे लक्षात येतं. ठरलेली हाक, ठरलेली कृती आणि जवळच असलेली जागा, या तिन्हींची सोय झाली आणि सवय लागली. तुमच्या सवयीलाही तेवढीच सोय करून द्या.

चालणाऱ्या खुंट्या: पहिला चहा पिऊन कप ठेवला की, कचरागाडी गेली की, व्हॅन वळली की, कुकर उतरवला की, दिवेलागण झाली की, रात्री ओटा पुसून झाला की.

सावधान: नळाला पाणी आलं की व्यायाम, असं ठरवू नका. आपल्याकडे बऱ्याच वस्त्यांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. रोजची सवय एक दिवसाआड येणाऱ्या घटनेला टांगली तर मधला दिवस कायम रिकामा जातो. “कामवाल्या मावशी येऊन गेल्या की” हेही टाळा. त्यांच्या सुट्टीबरोबर तुमचीही सुट्टी होईल.

तपासा: खुंटी आणि कृती एकाच खोलीत, फार तर शेजारच्या खोलीत आहेत का? चहा खालच्या स्वयंपाकघरात आणि चटई वरच्या माळ्यावर असेल, तर जिन्यातच फोन वाजतो.

## टप्पा ३: आजारी दिवसाचं माप ठरवा

सवयीचं माप ठरवताना आपण आपल्या सगळ्यांत चांगल्या दिवसाचा विचार करतो. ठरवायचं असतं सगळ्यांत वाईट दिवसाचं. डोकं दुखतंय, घरी चार माणसं जेवायला आहेत, वीज गेली आहे, अशा दिवशीही जेवढं होईल तेवढंच माप वहीत लिहा. फिरण्यासाठी “चपला घालून फाटकापर्यंत”. वाचनासाठी “एक परिच्छेद”. रियाजासाठी “तंबोऱ्यावर षड्ज लावून पाच श्वास”.

हे वाचून लोकांना अपमान झाल्यासारखं होतं. “काकू, फाटकापर्यंत जाऊन काय होणार?” असं एका मुलाने मला विचारलं होतं. शरीराला फारसं काही होणार नाही, हे खरंच आहे. पण चहानंतर उठून चपला घालायच्या, ही वाट रोज तुडवली जाते, आणि सुरुवातीला वाट पडणंच महत्त्वाचं असतं. बरं वाटत असेल त्या दिवशी पुढे तीन किलोमीटर जा, कुणी अडवत नाही. वहीत मात्र खूण फाटकाचीच.

इथे मला शेजारच्या देवासची आठवण येते. कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाच्या आजारपणात तिथे राहायला आले आणि काही वर्षं त्यांना गायला मनाई होती. ज्याचं सगळं आयुष्य गाणं, त्याचं गाणंच बंद. त्या काळात त्यांनी कान उघडे ठेवले. माळव्यातली लोकगीतं ऐकली, साठवली, आणि बरे झाल्यावर त्यांच्या गाण्यात ती उतरली. तेवढी उंची आपल्या वाट्याला येणार नाही, पण गळा बंद असेल तर कान चालू ठेवता येतो, इतकं आपणही करू शकतो. गुडघा दुखत असेल तर ओटल्यावर खुर्ची टाकून दहा मिनिटं बसणं हेही फिरण्याच्या सवयीचं आजारी माप होऊ शकतं. वेळ आणि जागा तीच राहिली पाहिजे.

## टप्पा ४: आदल्या रात्री जागा मांडून ठेवा

चपला दाराशी, पुस्तक चहाच्या ट्रेमध्ये खूण घातलेलं, पेटीवरची खोळ काढलेली, पाण्याचा तांब्या भरलेला. सकाळी शोधाशोध झाली की तीच सबब होते.

उलट बाजूही बघा. नको असलेल्या गोष्टीच्या वाटेत दोन पावलांचा अडथळा घाला. फोनचं चार्जर झोपण्याच्या खोलीतून बाहेर न्या, एवढ्या एका बदलाने आमच्या गल्लीत अनेकांचं झोपणं लवकर झालं. सेवेचा डबा समोरच्या फडताळातून काढून वरच्या फळीवर ठेवा. घरात सेव असूच नये, असं मी इंदूरकराला सांगणार नाही. ती हात लांबवल्याबरोबर मिळू नये, इतकंच.

सराफ्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. दिवसा सोन्याचांदीची दुकानं असलेला तो बाजार रात्री खाण्याने भरतो आणि मध्यरात्रीनंतरही चालू असतो. एक वाजता घरी आलेला माणूस सकाळच्या नेमाला मुकणारच. तिथे जाऊ नका असं माझं म्हणणं नाही. जायची रात्र आधी ठरवा आणि दुसऱ्या दिवसासाठी दिनदर्शिकेवर आजारी माप लिहून ठेवा.

## टप्पा ५: पहिले चौदा दिवस, वाढ बंद

आता सुरू करा. या चौदा दिवसांत दोनच नियम: खुंटी आली की लगेच उठायचं, आणि रात्री वहीत एक ठिपका द्यायचा. झालं तर ठिपका, नाही झालं तर त्या जागी एका शब्दात कारण. “ताप”. “पाहुणे”. “विसरले”. “कंटाळा” हेही चालेल, खरं असेल तर.

ठिपक्यापुढे किलोमीटर, पानं, मिनिटं लिहू नका. आकडे आले की स्पर्धा सुरू होते आणि कमी आकड्याचा दिवस हरल्यासारखा वाटतो. फोनमधली मोजणारी ॲप्स मला या टप्प्यावर नको वाटतात. ठिपका द्यायला फोन उघडला जातो आणि बाकीचं सगळं समोर येतं.

सगळ्यांत मोठी चूक नवव्या-दहाव्या दिवशी होते. आठ दिवस सुरळीत गेले की हुरूप येतो आणि माणूस एकदम अर्धा तास करायला जातो. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते उगाच नाही. दहाव्या दिवशी पाय दुखतात, अकराव्या दिवशी जावंसं वाटत नाही, आणि आता फाटकापर्यंत जाणं कमीपणाचं वाटायला लागतं. चौदा दिवस माप वाढवायचं नाही. हुरूप असेल तर तो त्या दिवसापुरता वापरा, नियमात लिहू नका.

तपासा: चौदापैकी किती ठिपके? दहा किंवा जास्त असतील तर पुढे चला. कमी असतील तर कारणांचे शब्द वाचा. “विसरले” जास्त वेळा आलं असेल तर खुंटी चुकली आहे, टप्पा २ कडे जा. “कंटाळा” जास्त असेल तर माप मोठं आहे, टप्पा ३ कडे जा. स्वतःला बोल लावत बसण्याची गरज नाही. दुरुस्ती कुठे करायची ते वहीच सांगते.

## टप्पा ६: तिसऱ्या आठवड्यापासून पुढे, कोरडा काळ

एकवीस दिवसांत सवय लागते, हे वाक्य इतक्यांदा ऐकलेलं असतं की बाविसाव्या दिवशी आपोआप उठावंसं वाटलं नाही की लोक हबकतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे अभ्यास केला आणि तो २०१० मध्ये छापून आला. प्रत्येकाने खाणं, पिणं किंवा व्यायाम यांतली एक नवी गोष्ट रोजच्या एखाद्या ठरलेल्या वेळेला जोडली होती. ती आपोआप घडू लागायला लागलेले दिवस चढत्या क्रमाने मांडले, तर मधोमध येणाऱ्या माणसाला ६६ दिवस लागले. सगळ्यांत कमी १८, आणि सगळ्यांत जास्त, गणिताने काढलेल्या अंदाजानुसार, २५४. पाणी पिण्यासारखी साधी गोष्ट लवकर बसली, व्यायामाला जास्त वेळ लागला.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. एखादा दिवस चुकल्याने सवय बसण्याच्या कामात फारसा फरक पडला नाही.

आपल्याकडे याहून लांब मुदतीचा नेम जुनाच आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंतचा चातुर्मास, चार चांद्रमास, म्हणजे सुमारे ११८ दिवस. कांदेनवमीला शेवटची कांदाभजी खाऊन कांदा-लसूण-वांगी सोडणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. तो नेम टिकतो, कारण तो नेमका असतो, घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतो आणि कुणी त्यावर रोज चर्चा करत नाही. सुरुवातीसाठी चातुर्मासाची मुदत घ्या, मी आनंदाने म्हणेन. एक गोष्ट मात्र सांभाळा. व्रताला उद्यापन असतं. तुलसीविवाह झाला, कांदा परत आला, नेम संपला. व्रताचं तसंच असायला हवं. फिरण्याचं किंवा वाचनाचं उद्यापन करायचं नसतं. म्हणून कार्तिकीच्या दुसऱ्या दिवशी काय करायचं ते आषाढातच वहीत लिहून ठेवा.

कोरड्या काळात नवीन काही करू नका. गाणी ऐकत फिरायचं असेल तर ऐका, वाचताना चहा हवा असेल तर घ्या. कंटाळा येणं हे चुकल्याचं लक्षण नाही. नवेपण सरलं आहे आणि सवय अजून बसलेली नाही, अशा मधल्या जागेत तुम्ही आहात.

## टप्पा ७: खंड पडतो तेव्हा

खंड पडणारच. तो पडू नये म्हणून धडपडण्यात शक्ती घालवू नका. परत यायचं कसं, ते आधी ठरवून ठेवा.

दिसणारे खंड. वर्षाच्या सुरुवातीला, किंवा आजच, दिनदर्शिका काढा आणि येणारे खंड पेन्सिलीने गोल करा. रंगपंचमीची गेर म्हणजे रंगांची मिरवणूक, गणपतीचे दहा दिवस आणि अनंत चतुर्दशीची झाँक्यांची, म्हणजे चित्ररथांची, रात्र, नवरात्र, दिवाळी, मुलांच्या परीक्षा, पुण्या-मुंबईकडची लग्नं, मे महिन्यातलं माहेरपण. हे दिवस दर वर्षी येतात आणि दर वर्षी आपण अचानक आल्यासारखे गोंधळतो. प्रत्येक गोलाजवळ दोन गोष्टी लिहा: त्या दिवसांत आजारी माप करणार की पूर्ण सुट्टी घेणार, आणि परतीची तारीख कोणती. ठरवून घेतलेल्या सुट्टीच्या दिवशी वहीत “सुट्टी” लिहा, जागा कोरी ठेवू नका. कोऱ्या जागेकडे पाहिलं की मन खचतं, “सुट्टी” वाचून तसं होत नाही.

न दिसणारे खंड. आजारपण, घरातला मृत्यू, बदली. इथे काही ठरवता येत नाही. माझे वडील आजारी होते तेव्हा माझी वाचनाची वही पाच महिने उघडली गेली नाही. ते गेल्यावर उघडली, तर शेवटचा ठिपका पाहून रडू आलं. आता नव्याने पहिल्यापासून सुरुवात, या विचाराने मी आणखी तीन आठवडे घालवले. हे तीन आठवडे टाळता आले असते. पाच महिने टळण्यासारखे नव्हते.

परतीचे नियम. हे वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर आजच लिहून ठेवा, कारण परतायच्या दिवशी विचार करायचं बळ नसतं.

१. परतीच्या पहिल्या दिवशी फक्त आजारी माप. बरं वाटत असलं तरी तेवढंच.

२. राहिलेलं भरून काढायचं नाही. चार दिवस चुकले म्हणून पाचव्या दिवशी चौपट चालणारे सहाव्या दिवशी घरी बसतात.

३. सोमवारची वाट पाहायची नाही. “काकू, सोमवारपासून परत येतो,” असं मला बुधवारी सांगणारे फार भेटतात. मी म्हणते, “सोमवार कशाला रे, आज दिवेलागणीला चपला घाल आणि फाटकापर्यंत जाऊन ये.” बुधवार ते सोमवार हे पाच दिवस न करण्याची सवय लावत असतात.

४. सलग दोन दिवस विनाकारण कोरे जाऊ द्यायचे नाहीत. एक दिवस चुकला तर चुकला. दुसऱ्या दिवशी रात्री अकराला आठवलं, तरी एक परिच्छेद वाचून झोपायचं.

५. वही नवी घ्यायची नाही. मोडलेल्या ओळीच्या पुढच्याच ओळीवर तारीख घालायची. नव्या वहीची हौस म्हणजे जुनी लपवण्याची इच्छा असते, आणि लपवलेल्या वहीतून काही शिकायला मिळत नाही.

गाव बदललं तर. लग्नाला पुण्याला गेलात की घरची खुंटी इथेच राहते. ना तुमची कचरागाडी, ना तुमचा ओटा. म्हणून प्रवासाची वेगळी खुंटी ठरवून ठेवा. सगळीकडे सापडते ती पहिल्या चहाची. नातेवाइकांच्या घरी फाटकापर्यंत जाणं जमलं नाही तर गच्चीपर्यंत जा. कायमची बदली झाली किंवा घर बदललं तर मात्र तयारीचे सात दिवस पुन्हा करा. जुनी खुंटी नव्या भिंतीवर नसते, हे विसरल्यामुळे वर्षानुवर्षांच्या सवयीही घर बदलताना सुटतात.

घरच्यांनी काय करावं. खंड पडलेल्या माणसाला “काय, सुटलं ना?” म्हणू नये. परतलेल्या माणसाला “अरे वा, आज सूर्य कुठे उगवला!” असंही म्हणू नये. दोन्ही वाक्यं प्रेमाने म्हटली जातात आणि दोन्ही टोचतात. चहाचा कप हातात द्यावा आणि चपला दिसतील अशा ठेवाव्यात.

## टप्पा ८: माप कधी आणि किती वाढवायचं

दोन गोष्टी झाल्या असतील तरच. पहिली, निदान एक खंड पडून तुम्ही परत आला आहात. दुसरी, सलग तीन आठवडे “करू की नको” हा प्रश्न मनात न येता हात-पाय हलले आहेत. एकही खंड न पडता दोन महिने गेले असतील तर मी अभिनंदन करीन, पण माप वाढवायला थोडं थांबायला सांगीन. परतीची परीक्षा अजून व्हायची आहे.

वाढवताना एकच बाजू वाढवा, एक तर वेळ किंवा वेग. वाचनात पानं वाढवलीत तर पुस्तक सोपंच ठेवा. आमच्याकडे मुलं हिंदी शाळांत शिकतात. लिपी तीच असल्यामुळे त्यांना मराठी वाचता येतं, पण अडखळतात. त्यांना एका पानावरून दोन पानांवर न्यायचं असेल तर त्याच आठवड्यात जुन्या वळणाची कादंबरी हातात देऊ नका.

चालण्याचं पोहोचायचं ठिकाण हवं असेल, तर जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. आठवड्यातले पाच दिवस अर्धा अर्धा तास झरझर चाललं की ते बसतं. दहा मिनिटांपासून तिथे पोहोचायला दर दोन आठवड्यांनी पाच मिनिटं वाढवा, म्हणजे दोन महिने लागतात. मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा त्रास किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. एप्रिल-मेच्या उन्हात माप वाढवू नका, आहे ते टिकवा.

सावधान: वाढवलेलं माप आठवडाभर जमलं नाही तर आधीच्या मापावर या. आजारी माप मात्र कधीच वाढवायचं नाही. तुम्ही पाच किलोमीटर चालू लागलात तरी ते फाटकापर्यंतच राहील.

## टप्पा ९: शेवटच्या पानावरच्या सवयी

पहिली सवय निदान तीन महिने आणि एक खंड पार करून उभी असेल, तर शेवटच्या पानावरची दुसरी घ्या. शक्य असेल तर पहिल्या सवयीलाच तिची खुंटी करा: फिरून आल्यावर चपला काढल्या की पुस्तकाचं पान. पुन्हा टप्पा ३ पासून, तेच छोटं माप, तेच चौदा दिवस. पहिली जमली म्हणून दुसरीला घाई करू नका.

तीन महिन्यांनी एकदा सगळी वही वाचा. एखादी सवय आता नको वाटत असेल, तिची गरज संपली असेल, तर सोडा. सोडताना वहीत तारीख घालून “सोडली” असं लिहा आणि कारण लिहा. आमच्या गल्लीतल्या एका आजींनी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर लांब फिरणं असंच लिहून सोडलं. खाली दुसरी ओळ होती: “चहा झाला की ओटल्यावर नातीकडून एक पान ऐकणे.” त्या ओळीपुढे परवापर्यंतचे ठिपके आहेत. मध्ये चार ठिकाणी “सुट्टी” आहे, आणि एके ठिकाणी “नात गावाला, मीच वाचलं”.